बारा खापऱ्या

मी मत्सरी बाई आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मला स्वतःबद्दल काही गैरसमज आहे असं पुढे कुणाला वाटायला नको. शेजारच्या मुलीला नवी सायकल मिळाली तेव्हा मला ताप आला होता. मी सात वर्षांची होते. आईने कपाळाला हात लावून पाहिला आणि म्हणाली, हा औषधाने उतरायचा नाही. नॉटिंगहॅमला येऊन आता बावीस वर्षं झाली. हवा बदलली, पाणी बदललं, आईचं म्हणणं मात्र खोटं ठरलं नाही.

आठवडाभर मी इथल्या एका शाळेत इतिहास शिकवते आणि दर शनिवारी बीस्टनच्या चर्च हॉलमध्ये आमच्या मंडळाची मराठी शाळा चालवते. अकरा वर्षं झाली. सुरुवातीला चार मुलं होती, त्यातलं एक माझंच. आता चोवीस आहेत. सगळी इथे जन्मलेली, ‘आई, माझी शूज कुठे आहे’ असं बोलणारी. त्यांचे हात हातात धरून मी अक्षरं गिरवून घेतली आहेत. त्यामुळे बीस्टनमधल्या झाडून सगळ्या मराठी मुलांचं अक्षर माझ्या वळणाचं आहे. ‘ऋ’ तर मी महिनाभर शिकवते. कुठलाही पालक येऊन पाहू दे, माझ्यासारखा ‘ऋ’ पुण्यातसुद्धा कुणी काढत नाही.

दोन वर्षांपूर्वी ऋजुता आली. पुण्याची, सॉफ्टवेअरवाली, पस्तिशीची. पहिल्याच शनिवारी म्हणाली, वीणाताई, मला काहीही काम सांगा, मी खुर्च्यासुद्धा मांडीन. आणि मांडल्या. मी तिच्यात खोट शोधायला लागले. आवाज गोड, वेळेवर येणारी, मुलांची नावं पाठ, कुणाला अंड्याची ॲलर्जी आहे तेही पाठ. दोन वर्षं शोधूनही काही सापडलं नाही आणि त्याचा राग वेगळाच.

या वर्षी मी विषय घेतला ग्रीक नगरराज्यांचा. मुलं प्राथमिक शाळेत प्राचीन ग्रीस शिकतातच, तेच मराठीत बोलायला लावायचं. अथेन्स मी घेतलं. ऋजुताला मुद्दाम स्पार्टा दिलं. स्पार्टात काय आहे? नाटक नाही, पुस्तकं नाहीत, नुसती कवायत आणि वाईट जेवण. म्हटलं, आता बघू काय करते.

मी सोलोनच्या कायद्यांवर बत्तीस स्लाइड्स केल्या. दोन मुलं झोपली. हॉलचे दोन वर्ग करणाऱ्या पडद्याच्या पलीकडे ऋजुताने मुलांना सांगितलं की स्पार्टाचे सैनिक काळं कालवण खायचे, इतकं भयंकर की परक्याच्या घशाखाली उतरत नसे, आणि मग घरून आणलेलं मोठं पातेलं उघडलं. काळ्या वाटाण्याची आमटी. पोरांनी वाट्या चाटल्या. भाजी म्हटलं की रडणारा एक मुलगा तिसऱ्यांदा रांगेत उभा राहिला. माझी सोळा वर्षांची मुलगी दिया, जी मला मदत करायला म्हणून येते, तीही तिकडेच सापडली, ओठाला काळा रस्सा लावून. ऋजुता मलाही वाटी घेऊन आली. मी सांगितलं, मला ॲसिडिटी आहे.

त्या आठवड्यात मंडळाच्या व्हॉट्सॲपवर आमटीशिवाय दुसरा विषय नव्हता. आणि मग दोन पालकांनी अध्यक्षांच्या कानावर घातलं की पुढच्या वर्षी शाळा ऋजुताकडे द्यावी, वीणाताईंनाही जरा आराम. बाईला काढून टाकायचं असलं की आधी तिला आराम देतात, हे मला चांगलं माहीत आहे. वार्षिक दिवशी, जेवणाआधीच्या सभेत हात वर करून निर्णय व्हायचा होता.

ती शाळा गेली असती तर माझ्याकडे काय राहिलं असतं, ते मलाच ठाऊक होतं. आठवड्याचे पाच दिवस मी ‘मिस’ असते, आणि माझं नाव कुणाला धड उच्चारता येत नाही. शनिवारी मी वीणाताई असते.

वार्षिक दिवसासाठी माझ्याकडे एक हुकमी गोष्ट होती. अथेन्समध्ये दरवर्षी लोकांना विचारत, कुणाला हद्दपार करायचं आहे का? हो म्हणाले तर प्रत्येक जण फुटक्या मडक्याच्या खापरीवर एक नाव कोरून आणायचा. एकूण सहा हजार खापऱ्या जमल्या की ज्याचं नाव सगळ्यात जास्त त्याने दहा वर्षं शहराबाहेर जायचं. गुन्हा लागत नसे, पुरावा लागत नसे. घरदार जप्त होत नसे. माणूस डोळ्यांवर आला, एवढं पुरे. आपल्याकडेही एखाद्याच्या डोक्यावर खापर फोडतात, पण त्यांनी त्याची नीट पद्धत घालून दिली होती.

आम्ही तसंच करायचं ठरवलं. दहा वर्षांऐवजी दहा मिनिटं हॉलच्या बाहेर, पायरीवर. मालमत्ता जप्त नाही, म्हणून कोट न्यायला परवानगी. अध्यक्ष रघुवीरकाका कौन्सिलमधून, म्हणजे इथल्या नगरपालिकेतून, निवृत्त झालेले. त्यांनी लगेच हॉलसाठी रिस्क असेसमेंटचा, म्हणजे कुणाला कशाने इजा होईल त्याचा, फॉर्म भरला. खिळ्याने कोरणं रद्द, त्याऐवजी मार्कर. आणि खापऱ्यांच्या कडा धारदार, म्हणून प्रत्येक कड सँडपेपरने घासायची.

शुक्रवारी मला सुट्टी होती. दुपारी मी बागेतल्या चार कुंड्या जुन्या टॉवेलखाली घेऊन हातोडीने फोडल्या. फोडताना मनात कोण होतं ते सांगायला नको. संध्याकाळी रघुवीरकाका आणि दिया गॅरेजमध्ये बसून एकेक तुकडा घासणार होते. त्याआधीच मी बारा खापऱ्या बाजूला काढल्या, स्वयंपाकघराच्या टेबलावर बसले आणि बाराही खापऱ्यांवर लिहिलं: ऋजुता.

सभेच्या आधी सगळ्यांसमोर तिचं नाव सगळ्यात जास्त वेळा वाचलं जावं, एवढंच मला हवं होतं. खेळच, पण लोकांच्या मनात किडा शिरला असता. अरे, इतक्या जणांना ही नको आहे? मग हात वर करताना दोन-चार हात खालीच राहिले असते.

मी मूर्ख नाही. अथेन्समध्ये एका विहिरीत जवळजवळ एकशे नव्वद खापऱ्या सापडल्या, सगळ्यांवर एकाच माणसाचं नाव, आणि अक्षरं पाहिली तर जेमतेम चौदा हातांची. म्हणजे कुणीतरी आधीच लिहून वाटायला ठेवल्या होत्या. हे मीच मुलांना शिकवलं होतं. पण माझी चोरी अक्षरावरून कशी सापडणार? इथे सगळ्यांचंच अक्षर माझं. थोडं वेडंवाकडं लिहावं असं मनात आलं होतं, पण वाईट ‘ऋ’ काढायला हात धजावला नाही. बाराही सुरेख उतरले.

शनिवारी हॉल भरला. दारात दिया उभी होती, प्रत्येकाला एकच खापरी देत आणि वहीत रेघ मारत. तेही मीच ठरवलं होतं, अथेन्समध्ये मोजणी चोख असे म्हणून. बावन्न खापऱ्या वाटल्या गेल्या. मुलांचे नाट्यप्रवेश झाले. मग मी मंचावरून अरिस्टाइडीसची गोष्ट सांगितली. हा माणूस इतका सरळ की लोक त्याला न्यायीच म्हणत. मतदानाच्या दिवशी एक अडाणी खेडूत त्याच्याकडे आला. त्याला लिहिता येत नव्हतं आणि हा कोण तेही ठाऊक नव्हतं. म्हणाला, यावर अरिस्टाइडीस लिहून दे. याने विचारलं, त्याने तुझं काय वाईट केलं? खेडूत म्हणाला, काही नाही, पण जो तो त्याला न्यायी न्यायी म्हणतो, ऐकून कंटाळा आला. अरिस्टाइडीसने मुकाट्याने स्वतःचं नाव लिहून दिलं. मुलं हसली. पहिल्या रांगेत ऋजुता टाळ्या वाजवत होती, सगळ्यात जोरात.

टेबलावर मंडळाचं पातेलं ठेवलं होतं, भाजीचं. मी माझी खापरी टाकायला गेले. तिच्यावरही तेच नाव होतं. पदर कशाला असतो? एकीऐवजी तेरा गेल्या. आवाज जरा जास्त झाला, पण शेजारी रघुवीरकाका बोलत होते, आणि ते बोलत असले की दुसरं काही ऐकू येत नाही.

परत वळले तर मागच्या रांगेतून एका म्हाताऱ्या बाईंनी हात केला. नऊवारी नाही, पंजाबी ड्रेस, वर जाड स्वेटर, पायांत मुलाचे असावेत असे बूट. हातात खापरी आणि मार्कर. त्यांनी विचारलं, बाई, जरा लिहून द्याल का? चष्मा घरी राहिला. मी त्यांच्याजवळ बसले. त्या सांगलीच्या, महिन्यापूर्वी मुलाकडे आलेल्या. सून म्हणजे ऋजुता.

मी मार्करचं टोपण काढलं आणि कुणाचं नाव लिहायचं ते विचारलं.

“वीणा म्हणून कुणी आहे ना इथे,” त्या म्हणाल्या. “तिचं लिहा.”

माझ्या छातीवर माझ्या नावाचा बिल्ला होता. त्यांना तो दिसत नव्हता.

“तिने तुमचं काय केलंय, काकू?” मी विचारलं. विचारून झाल्यावर लक्षात आलं की हा प्रश्न मी दहा मिनिटांपूर्वी मंचावरून विचारला होता.

“माझं काय करणार? मी तिला पाहिलेलीसुद्धा नाही. पण घरात सकाळ-संध्याकाळ वीणाताई. वीणाताई असं शिकवतात, वीणाताईंचं अक्षर असं. कान किटले माझे. दोन दिवस खपून मी आमटी करून दिली शाळेत न्यायला. पोरांनी पातेलं पुसून खाल्लं, तर हिचं तोंड एवढंसं. का, तर वीणाताईंनी चाखली नाही. आता लोक हिला म्हणतायत शाळा तू घे, तर म्हणते, वीणाताई असताना मी कशी घेऊ? दहा मिनिटं तरी काढा त्या बाईला बाहेर. मला बरं वाटेल.”

त्या बोलत होत्या तोवर मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होते. तो ताप मला ओळखू आला. तीच बारीक नजर, तेच ओठ आत ओढणं. इतक्या वर्षांत मला माझ्यासारखं माणूस भेटलं नव्हतं, आणि भेटलं ते माझ्याच नावाची खापरी घेऊन.

काहीही लिहिता आलं असतं. त्यांना वाचता येत नव्हतं. तेरा होत्या तिथे चौदा झाल्या असत्या. मार्करचं टोक मी खापरीवर टेकवलं. मग लिहिलं: वीणा.

त्यांनी हात लांब करून खापरी पाहिली. काय दिसलं कोण जाणे. म्हणाल्या, अक्षर वळणदार दिसतंय हो तुमचं.

त्यांचा हात धरून मी त्यांना पातेल्यापर्यंत नेलं. त्यांची खापरी पडली तसा मी आत हात घालायला पुढे झाले. बारा खापऱ्या कशा काढायच्या, चोवीस मुलांसमोर, ते सुचत नव्हतं, पण हात पुढे झाला होता. तेवढ्यात दियाने दोन्ही कानांना धरून पातेलं उचललं आणि मोजायला पडद्यामागे नेलं.

पंधरा मिनिटं गेली. मी खुर्च्या सरळ केल्या, सरळ असलेल्याही. ऋजुता येऊन म्हणाली, ती गोष्ट किती छान सांगितलीत, वीणाताई. मी हूं म्हटलं. तिच्याकडे पाहणं मला जमत नव्हतं. तिचं नाव तेरा वेळा वाचलं जाईल तेव्हा तिचा चेहरा कसा होईल, हे मी आठवडाभर मनात पाहत आले होते आणि आता तेच मला पाहायचं नव्हतं.

दिया बाहेर आली. उजव्या हाताच्या बोटाला निळी चिकटपट्टी. तिने कागद रघुवीरकाकांना दिला आणि माझ्याकडे न बघता उभी राहिली.

काकांनी वाचलं. रघुवीरकाका, तेवीस. हॉल हसून कोसळला. लांबलेल्या भाषणांचा पोरांनी सूड घेतला होता. होमवर्क, अकरा. ब्रोकोली, सहा. मग एकेक दोन-दोन मतांची नावं. शेवटी काका म्हणाले, ऋजुता, एक. वीणा, एक.

एक. म्हणजे एवढ्या मोठ्या हॉलमध्ये ती कुणाला नको असेल तर फक्त मला. आणि मी नको असेन तर फक्त तिच्या सासूला. दोन्ही खापऱ्या माझ्या अक्षरातल्या.

काका कोट चढवून, भाषणाचे कागद बगलेत मारून, आनंदाने पायरीवर गेले. दियाने मला स्वयंपाकघरात बोलावलं. सिंकशेजारी किचन पेपरात गुंडाळलेली पुरचुंडी होती.

“बावन्न दिले होते आई, आणि चौसष्ट आले,” ती म्हणाली. “मला वाटलं मीच चुकले. मग माझा बोट कापला. बाकी सगळे आम्ही घासले होते, मी आणि काकांनी, दोन तास. हे बाराचे एजेस घासलेलं नाहीये.”

अक्षराचा एवढा विचार केला आणि सँडपेपरचा केला नाही. चर्च हॉलच्या फॉर्मने मला पकडलं होतं.

“मी काउंटमधून काढले. कुणाला सांगितलं नाही.” तिने खिशातून आणखी एक खापरी काढली. गुळगुळीत कडांची. “पण हे घासलेलं आहे. आणि हे पण तूच लिहिलंय. तुझं नाव तू का लिहिलं?”

मी तिला सांगितलं. सासूबाई, चष्मा, आमटी, सगळं. सांगताना आवाज चढवला नाही, रडलेही नाही. सरळ म्हटलं की मला ऋजुताचा हेवा वाटतो, पहिल्या दिवसापासून, आणि तू तिच्या वर्गात जाऊन बसलीस तेव्हा सगळ्यात जास्त वाटला.

दिया ऐकत राहिली. मग पुरचुंडीवर आणखी दोन कागद गुंडाळून ती तिने माझ्या हातात दिली. म्हणाली, अशीच बॅगेत नको टाकू, तुझा हात कापेल. पोरांकडून चूक झाली की मी त्यांना एवढ्या सहज सोडत नाही.

सभा सुरू झाली. रघुवीरकाका हद्दपारी भोगून परतले होते. त्यांनी विचारलं, पुढच्या वर्षी शाळेचं कोण बघणार? दोन पालक घसा खाकरणार इतक्यात ऋजुताच उभी राहिली आणि म्हणाली, हा काय प्रश्न झाला? वीणाताई आहेत ना. टाळ्या पडल्या. मागच्या रांगेतल्या तिच्या सासूबाईंनी वळून पाहिलं, ही वीणाताई कोण ते. सगळ्यांच्या माना ज्या बाईकडे वळल्या होत्या ती पाहून त्यांचा हात तोंडावर गेला.

शाळा माझी होती. गप्प बसले असते की झालं.

मी उभी राहिले. म्हटलं, आज मतदान झालंय. माझ्या नावाची एक खापरी निघाली. अथेन्समध्ये एक पुरत नसे, मला पुरते. पुढचं वर्ष शाळा ऋजुताची. लोकांना आधी ती थट्टा वाटली. मी हॉलची किल्ली पर्समधून काढून काकांच्या टेबलावर ठेवली तेव्हा कुणी हसलं नाही.

जेवणाच्या रांगेत सासूबाई माझ्यासमोर आल्या, दोन्ही हातांत, आजही करून आणलेल्या आमटीची वाटी. मी वाटी घेऊन उभ्या उभ्या प्यायले. वाटाणा लोण्यासारखा शिजला होता, वाटण खमंग. दोन आठवडे जिचा राग केला ती आमटी इतकी चांगली असावी, हेही मला सहन झालं नाही.

मग ऋजुता आली. डोळे भरलेले. का, वीणाताई, मी काही चुकले का, म्हणून विचारत राहिली. मी बॅगेतून पुरचुंडी काढून तिच्या हातावर ठेवली.

“सांभाळून उघड,” मी म्हटलं. “कडा घासलेल्या नाहीत.”

तिने कागद उलगडले. एक खापरी पाहिली, दुसरी पाहिली, मग सगळ्या टेबलावर मांडल्या. बारा वेळा तिचं नाव. हे अक्षर कुणाचं, हे तिला विचारावं लागलं नाही. घरात सकाळ-संध्याकाळ तिनेच तर त्याचं कौतुक केलं होतं. मी तिथून हलले नाही. निदान आता तरी ती चिडेल, ओरडेल, मला माझ्या लायकीचं काहीतरी बोलेल, याची मी वाट पाहत होते.

तिने एक खापरी उचलली आणि अक्षरावरून हळूच बोट फिरवलं.

“ऋ किती सुंदर काढलाय तुम्ही,” ती म्हणाली.

ती खापरी तिने पर्समध्ये ठेवली आणि मुलांना वाढायला गेली. तो टोमणा होता की ती खरंच म्हणाली, हे मला अजून कळलेलं नाही. टोमणाच असू दे, एवढंच मी देवाकडे मागते.